रूथबाईंचा दुसरा गट

रूथ शमुवेल भिंगारदिवे आमच्या शाळेवर हजर झाल्या त्या दिवशी त्यांच्या स्कूटीच्या डिकीत पुस्तकं होती आणि जेवणाचा डबा हँडलला लटकत होता. मी, मच्छिंद्र तुवर, तेव्हा तिथला मुख्याध्यापक. म्हणजे दोन शिक्षकांच्या शाळेत माणूस जेवढा मुख्याध्यापक असू शकतो तेवढा. पहिली ते चौथी, पट सदतीस, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा व्हरांडा. नेवाशापासून अकरा किलोमीटर, चारी बाजूंनी ऊस. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ती कुणाच्या डोळ्यावर न येता काढायची एवढाच माझा कार्यक्रम होता.

"पुस्तकं कसली, बाई?" मी विचारलं.

"वाचनाची, सर. म्हणजे मुलं वाचायला कशी शिकतात त्यावरची."

"शिकतात की आपोआप. नाही शिकली तर शासन पुढं ढकलतंच."

त्या हसल्या नाहीत. रूथबाईंना विनोद कळत नसे असं नाही. पण विनोद खरा असला की त्यांना हसू येत नसे, हे मला हळूहळू कळलं.

त्यांचे वडील नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला होते. घरात रीत अशी, की आधी मोजायचं आणि मग बोलायचं. पोरीनं ताप आलाय म्हटलं की वडील विचारणार, किती? भाजी खारट झाली म्हटलं तरी विचारणार, किती चमचे टाकलं होतं? बाई हे कौतुकानं सांगायच्या. मला वाटायचं, हे घर म्हणावं का काय. पण त्याच घरातून त्या आल्या होत्या. वर्गातला एखादा मुलगा 'कच्चा आहे' असं मी म्हटलं, तर त्या तशाच विचारायच्या, "कशात कच्चा, सर? किती?" याचं उत्तर मला तीस वर्षांच्या नोकरीत कधी द्यावं लागलं नव्हतं. मी विषय बदलायचो.

आता कृतिसंशोधन म्हणजे काय ते सांगावं लागेल. शिक्षकांच्या बाहेर ते कुणाला माहीत नाही, आणि शिक्षकांत सगळ्यांना माहीत आहे पण फारसं कुणी केलेलं नाही. कल्पना चांगली आहे. वर्गात काही अडचण असेल तर शिक्षकानंच ती नीट तपासायची, उपाय करून बघायचा, आधी आणि नंतर चाचणी घ्यायची आणि काय झालं ते लिहायचं. पुस्तकात तज्ज्ञ जे सांगतात ते आपल्या पोरांना लागू पडतं का, हे आपणच पडताळायचं. दरवर्षी याची जिल्ह्याची स्पर्धा होते. प्रत्यक्षात झेरॉक्सच्या दुकानात तयार अहवाल मिळतात. शाळेचं नाव बदलायचं, आपलं नाव घालायचं, स्पायरल मारून द्यायचं. मीही एकदा दिला होता, 'विद्यार्थ्यांच्या नखांची स्वच्छता'. त्यात पूर्वचाचणी एकतीस जूनला घेतलेली होती आणि नवव्या पानावर भलत्याच तालुक्यातल्या शाळेचं नाव तसंच राहून गेलं होतं. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

म्हणून रूथबाई त्या जुलैत म्हणाल्या की यंदा मी कृतिसंशोधन करणार आहे, तेव्हा मी म्हणालो, "करा की. माझ्याकडं नखांचं आहे, देतो."

"नाही सर," त्या म्हणाल्या. "मी खरंच करणार आहे."

त्यांचं म्हणणं साधं होतं. मूल शाळेत येतं तेव्हा त्याला बोलता येत असतं. मग ते जे बोलतं तेच आधी त्याच्यासमोर लिहायचं. मुलानं एक वाक्य बोलायचं, बाईंनी ते स्केचपेननं जाड कार्डावर जसंच्या तसं लिहायचं, आणि मुलानं आपलंच वाक्य वाचायचं. ते त्याला पाठच असतं, त्यामुळं चुकायची भीती नाही. मग कार्ड कात्रीनं कापून शब्द सुटे करायचे, हलवायचे, परत लावायचे, शब्दांतून अक्षरं ओळखायची, आणि असं करत करत पुस्तकापर्यंत यायचं. हे काही त्यांनी शोधलं नव्हतं. बाहेरच्या देशांत यावर खूप काम झालंय, पण ऊसपट्ट्यातल्या पोरांवर कुणी करून बघितलं नाही, असं त्या म्हणायच्या. त्यांना बक्षीस नको होतं. निकाल पक्का निघाला तर जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा हे करतील, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला वाटत नव्हतं, पण मी बोललो नाही.

ओम नावाचा तिसरीतला मुलगा होता. पुढं काम सुरू झालं तेव्हाचं त्याचं पहिलं कार्ड मला आठवतं: 'आमच्या शेळीला दोन करडं झाली, एक लंगडं हाय.' केंद्रप्रमुख साहेब भेटीला आले तेव्हा त्यांनी ते भिंतीवर पाहिलं आणि विचारलं, हे अशुद्ध कुणी लिहिलं? बाई म्हणाल्या, लिहिलं मी, बोलला तो. साहेबांनी वहीत शेरा मारला, 'नावीन्यपूर्ण. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.'

खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते. बाईंच्या पुस्तकांत असं होतं की नुसता उपाय केला आणि मुलं वाचायला लागली, तर त्यानं काही सिद्ध होत नाही. चार महिन्यांत मुलं मोठीही होतातच. म्हणून दोन सारखे गट करायचे. एका गटाला नवी पद्धत, दुसऱ्याला नेहमीची. शेवटी दोघांची एकच चाचणी. फरक पडला तर तो पद्धतीचा. पहिल्याला प्रायोगिक गट म्हणतात आणि दुसऱ्याला नियंत्रित गट.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी वाचनात मागं असलेल्या सोळा मुलांची चाचणी घेतली. प्रत्येकाला तीस शब्द वाचायला दिले. गुणांप्रमाणे यादी लावली, सारख्या गुणांच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीतलं पहिलं नाव इकडं, दुसरं तिकडं. लबाडीला कुठं जागाच ठेवली नाही. एका दुपारी त्यांनी व्हरांड्यात उभं राहून आठ नावं वाचली. "ही मुलं मधल्या सुट्टीनंतर माझ्या खोलीत. बाकीची आठ सरांच्या खोलीत."

माझ्याकडं आलेल्या आठांत संस्कृती होती.

पाथर्डीकडच्या टोळ्या दिवाळीनंतर आमच्या भागात ऊसतोडीला येतात. शेताच्या कडेला कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाची खोपटं, टाकून राहतात, कारखाना बंद झाला की परत जातात. त्यांची मुलं आम्ही तेवढ्यापुरती शाळेत घेतो. संस्कृती तशी आली होती. नऊ वर्षांची, तिसरीत. बाप सहादेव, आई सविता. तीस शब्दांपैकी तिला चार वाचता आले. ओमलाही चारच आले होते. ती त्याची जोडी. यादीत ओमचं नाव आधी होतं, एवढंच.

बाईंनी मला समोर बसवून समजावलं. "सर, तुम्ही तुमच्या पद्धतीनं शिकवा. जे नेहमी शिकवता तेच. फक्त कार्डं नकोत, त्यांची वाक्यं लिहायची नाहीत. नाहीतर दोन्ही गट एक होतील आणि काही कळणार नाही."

"माझी पद्धत," मी म्हणालो. "बरं."

आता माझी पद्धत काय होती ते सांगतो. मधल्या सुट्टीनंतर मी खुर्चीत बसायचो आणि मोबाईल काढायचो. पोषण आहाराची माहिती भर, आधारची माहिती भर, कुणाचा शौचालयाचा फोटो मागितलाय तो पाठव, ग्रुपवर साहेबांचा वाढदिवस असेल तर हात जोड. मुलांना सांगायचो, पान बावीस काढा आणि शुद्धलेखन लिहा. ती लिहायची. चित्रं काढावीत तशी अक्षरं काढायची, वाचता येत नसली तरी. मी वह्या तपासायचो, म्हणजे लाल पेननं बरोबरची खूण करायचो. सकाळच्या तासांना मी गणित बऱ्यापैकी शिकवायचो, हे माझ्या बाजूनं सांगायला हवं. पण दुपारी नाही. त्या चार महिन्यांत मी त्या आठ जणांना दुपारी काही शिकवलं नाही. बाईंच्या अहवालात हे असं आहे: 'नियंत्रित गटास पारंपरिक पद्धतीने अध्यापन करण्यात आले.'

पलीकडच्या खोलीतून आवाज यायचे. पोरं आपापली वाक्यं मोठ्यानं वाचायची आणि हसायची. कुणाच्या आजीचं वाक्य, कुणाच्या ट्रॅक्टरचं. माझ्या खोलीतली आठ मान वर करून ऐकायची आणि परत खाली घालायची. सात जणांना त्याचं फार काही वाटत नसावं. संस्कृतीला वाटत होतं. ती रोज शाळा सुटताना बाईंच्या स्कूटीपाशी उभी राहायची.

"बाई, माझं बोलनं कवा लिवनार?"

"परीक्षा झाली की लगेच. वीस मार्चला परीक्षा. मग तुझा नंबर."

"मी ठिवलंय एक," ती म्हणायची. म्हणजे एक वाक्य तिनं तयार ठेवलं होतं. काय ते तिनं बाईंना सांगितलं नाही, आणि बाईंनी विचारलं नाही. विचारलं तर ते लिहावंसं वाटलं असतं. मीही कधी विचारलं नाही, पण माझं कारण एवढं चांगलं नव्हतं.

जानेवारी संपेपर्यंत ओम वाचायला लागला होता. अडखळत, पण नवीन मजकूर वाचायचा. बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचायचा, एसटीवरची पाटी वाचायचा. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि मनात म्हणालो, बाईंचं खरं आहे. हे मी त्यांना बोलून दाखवायला हवं होतं. त्यांना बरं वाटलं असतं.

त्या वर्षी पाऊस कमी झालेला, ऊस कमी. फेब्रुवारीच्या वीस-बावीस तारखेला संस्कृती सकाळीच बाईंपाशी आली. मी हजेरी घेत होतो.

"बाई, कारखाना बंद व्हनार हाय. मुकादम म्हनला, धा-बारा दिसांत जायचं. मला आज घ्या ना तिकडं."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. "बघू," त्या म्हणाल्या. "तू वर्गात बस."

दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. कागदावर काहीतरी आकडे मांडले होते. संस्कृतीला आत्ता घेतलं तर तिची जोडी बाद होते. जोडी बाद झाली की सोळाचे चौदा राहतात. एवढ्या थोड्या मुलांत फरक सिद्ध व्हायला आधीच कठीण, त्यात आणखी कठीण. पण टोळी वीस मार्चपर्यंत राहिली तर प्रश्नच नाही. मुकादमांच्या तारखा कधी खऱ्या नसतात, दरवर्षी पंधरा दिवस इकडं-तिकडं होतातच. हे सगळं त्या मला सांगत नव्हत्या, स्वतःलाच सांगत होत्या.

"अहो बाई, घ्या की तिला," मी म्हणालो. "कोण बघायला येतंय? अहवालात लिहा तिकडंच होती म्हणून."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. आजही मला ते बघणं नीट आठवतं. राग नव्हता त्यात, कंटाळा होता.

"कोण बघतंय, असं म्हणून म्हणूनच आपले सगळे अहवाल झेरॉक्सवर निघतात, सर," त्या म्हणाल्या. "मी नाही तसं करणार. वीस मार्चपर्यंत थांबू."

मी असं बोललो नसतो तर कदाचित त्यांनी तिला घेतलं असतं. कुणी दुसऱ्यानं तेच म्हटलं असतं, म्हणजे ज्याच्या शब्दाला काही किंमत आहे अशा माणसानं, तरी घेतलं असतं. माझ्यासारखं व्हायचं नाही, हा त्यांचा त्या क्षणी निश्चय झाला.

पाच मार्चला सकाळी साडेदहाला शाळा भरली तेव्हा टोळीची सहाही मुलं आली नव्हती, संस्कृती आणि पहिलीतली पाच. बाई प्रार्थना झाल्यावर स्कूटी काढून गेल्या. मी मागून मोटारसायकलवर गेलो. शेताच्या कडेला कोप्यांच्या जागी गोल सपाट जमीन होती, चुलींचे तीन-तीन दगड होते, पाचट पडलं होतं. ट्रॅक्टर पहाटेच गेला, असं शेजारच्या मळ्यातल्या केशरबाईंनी सांगितलं. बाईंनी विचारलं, गाव कोणतं त्यांचं? केशरबाई म्हणाल्या, पाथर्डीच्या पल्याड कुठंतरी. हजेरीत गावाचं नाव होतं. पण त्या गावाला फोन लागला तो तिथल्या शाळेतल्या शिक्षकाला, आणि ते म्हणाले की आली तर बघू, इकडं टोळ्या अजून उतरल्या नाहीत.

बाई रडल्या नाहीत. मी वाट बघत होतो, कारण रडल्या असत्या तर मला काहीतरी बोलता आलं असतं. त्या परत आल्या आणि त्यांनी तिसरीचा गणिताचा तास घेतला.

वीस तारखेला परीक्षा झाली. एकवीसपासून बाईंनी उरलेल्या सातही जणांना आपल्या खोलीत घेतलं आणि एप्रिल संपेपर्यंत सकाळ-दुपार त्यांच्यामागं लागल्या. त्यांतले पाच वाचायला लागले. त्यांनी जसं ठरवलं होतं तसं केलं, एका मुलीपुरतं राहिलं. अहवालात ती अशी आहे: 'एक विद्यार्थिनी स्थलांतरामुळे अंतिम चाचणीस अनुपस्थित राहिल्याने तिची जोडी विश्लेषणातून वगळण्यात आली.' म्हणजे ओमही वगळला गेला. जी जोडी राखायला तिला बाहेर ठेवलं होतं ती जोडी शेवटी गेलीच. तरी फरक सिद्ध झाला. नुसता सिद्ध झाला नाही, भरपूर आला.

ऑगस्टमध्ये नगरला स्पर्धेचं सादरीकरण झालं. मी बरोबर गेलो होतो, मुख्याध्यापक म्हणून फोटोत लागतो. परीक्षकांतले एक प्राध्यापक भाषणात म्हणाले की प्राथमिक शाळेत इतकं काटेकोर संशोधन मी प्रथमच बघतोय, यात पळवाट नाही. पहिला क्रमांक. स्टेजवर बाईंनी शाल घेतली, दोन्ही हातांनी प्रमाणपत्र घेतलं, आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसल्या. मी अभिनंदन म्हणालो. त्या म्हणाल्या, "सर, जेवायचं कुठं आहे?" त्यांना भूक लागलेली नव्हती, हे जेवताना कळलं.

पुढं जिल्ह्याकडून सगळ्या शाळांसाठी ती कार्डं छापून आली. बाईंची पद्धत म्हणजे मुलाचं बोलणं लिहायचं, आणि छापील कार्डांवर आधीच वाक्यं होती, 'हे कमळ आहे' वगैरे. आमच्या केंद्रातल्या शाळांनी ती प्लॅस्टिकसकट कपाटात ठेवली, तपासणीला खराब दिसू नयेत म्हणून. बाईंना मी हे हसत हसत सांगितलं. त्यांनी "हो का" म्हटलं. त्या दिवसांत त्यांना काहीही सांगितलं तरी त्या "हो का" म्हणायच्या. शिकवणं सुरू होतं, कुठं कमी नव्हतं. जूनपासूनच्या नव्या वर्षात त्यांनी गट पाडले नाहीत, सगळी मुलं एकत्र घेतली. फक्त कुठल्याच मुलाबद्दल 'किती' असं त्यांनी विचारलं नाही.

नोव्हेंबरात टोळ्या परत आल्या. शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे असतो, तो करायला आम्ही दोघं निघालो. शाळेत चार नवी मुलं आली होती, त्यांच्यात संस्कृती नव्हती. पण केशरबाईंच्या मळ्यापाशी सहादेवची कोपी आहे, असं त्या मुलांतल्या एकानं सांगितलं. बाईंनी कोरी कार्डं आणि स्केचपेन पिशवीत घेतले.

दिवस मावळायला आला होता. सविता नुकतीच फडातून आली होती आणि चुलीवर पाणी तापत ठेवत होती. संस्कृती बाजूला बसून वाढ्यांच्या पेंढ्या बांधत होती, उसाच्या शेंड्यांच्या, जनावरांना विकतात त्या. उंच झाली होती. आम्हाला बघून तिनं हात थांबवला आणि हसली, पाहुण्यांना हसतात तसं.

"बसा बाई, बसा सर," सविता म्हणाली आणि पोतं अंथरलं. "तुमची आठवन काढतो आमी."

बाई बसल्या. "संस्कृतीला शाळेत का नाही पाठवलं, सविताताई?"

सविता हसली. खरोखर मोकळं हसली, मनात काही नसलेलं. "आता काय तिचं मनावर घ्येता बाई. तुमी लई बरं केलं. पहिल्याच दिशी वळखलं तुमी. हुशार पोरं इकडं घेतली आन् बाकीची तिकडं बशिवली. आमच्या गावच्या शाळंत कुनी खरं सांगतच न्हाई, नुसतं वरच्या वर्गात ढकलत्यात. मी हिच्या बापाला म्हनलं, एवढ्या शिकलेल्या बाईंनी चार म्हैनं बघितलं आन् पोरीला न्हाई घेतलं, म्हंजी तिच्या डोक्यात न्हाईच बसायचं. उगं वर्सं कशाला घालवायची? गावाकडं बी मग न्हाई घातली शाळंत. हात लई चांगला चालतो तिचा."

 बाईंनी समजावायला सुरुवात केली. यादी केली होती. सारख्या गुणांच्या दोन-दोन मुलांची जोडी लावली होती. एक नाव इकडं, एक तिकडं. तिला आणि ओमला सारखेच गुण होते. ती हुशारच आहे. ओमच्या जागी ती असती तर ती वाचायला लागली असती. बाई सावकाश, एकेक वाक्य सुटं करून सांगत होत्या, आणि मला कळत होतं की यातलं एकही वाक्य त्या माउलीपर्यंत पोचत नाही.

"व्हय, व्हय," सविता म्हणाली. "ओम लई वाचतो म्हनं आता. चांगलं झालं."

बाईंनी पिशवीतून कार्ड काढलं आणि स्केचपेनचं टोपण उघडलं. "संस्कृती, ये इकडं. आता बोल तू. मी लिहिते."

संस्कृती उठून जवळ आली. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मला न्हाई येत, बाई."

"वाचायचं नाही अजून. नुसतं बोलायचं आहे. तू ठेवलं होतंस ना एक?"

"न्हाई येत," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. आपल्याला पोहता येत नाही असं एखादा सांगतो, तसं सांगितलं. मग थोडा वेळ उभी राहिली, आणि आणखी कुणी काही विचारत नाही असं बघून परत जाऊन पेंढ्या बांधायला बसली. बाई कार्ड मांडीवर घेऊन बसून राहिल्या. स्केचपेनचं टोपण त्यांनी लावलं नव्हतं. सवितानं चहा केला. आम्ही प्यायलो.

मला तेव्हा काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे माहीत होतं, पण आतून काही उठलंच नाही. बसून बसून पाय बधिर होतो, टोचलं तरी कळत नाही, तसं झालं होतं. बाईंचंही तेच झालं असावं. तोंड धुतल्यासारखं कोरं होतं.

गाड्या लांब डांबरी रस्त्यावर लावल्या होत्या. तिथपर्यंत बांधावरून चालत आलो. रस्त्याला लागल्यावर मी बोललो. का बोललो माहीत नाही. सवितानं बाईंचे आभार मानले ते मला सहन झालं नसावं, कारण ती पोर चार महिने बसली होती माझ्या खोलीत.

"बाई, एक सांगायचं राहिलंय. त्या चार महिन्यांत दुपारचं मी शिकवलं नाही. त्या आठ जणांना. पारंपरिक पद्धत वगैरे काही नव्हतं. मी मोबाईल बघत बसायचो."

बाई स्कूटीची किल्ली शोधत होत्या. ती त्यांना सापडली.

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"आकड्यांनी. तुमच्या सात जणांचे मिळून तीन शब्द वाढले होते, सर. सात मुलं, चार महिने, तीन शब्द. जुन्या पद्धतीनंसुद्धा मुलं याहून जास्त शिकतात. ती चाचणी तपासताना मार्चमध्येच कळलं मला. माझ्या पद्धतीचा एवढा मोठा फरक नव्हता. थोडा होता. बाकीचा तुमचा होता."

"मग अहवालात लिहिलं का नाही?"

त्यांनी स्कूटी चालू केली, आणि मग परत बंद केली. उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत आमच्या शेजारून गेला. तो गेल्यावर त्या बोलल्या.

"ती तर गेलीच होती, सर," त्या म्हणाल्या. "हे लिहिलं असतं, तर निकाल उरलाच नसता. मग ती कशासाठी गेली म्हणून मी स्वतःला सांगितलं असतं?"

 मी सांगितलं की उद्या पोषण आहाराचा तांदूळ येणार आहे, लवकर यायला लागेल. त्या हो म्हणाल्या आणि नेवाशाच्या रस्त्याला लागल्या.